दोन कामे करूनही पुरत नसेल, तर वेगवेगळ्या व्यवसायांतील पगाराची तुलना कशी करावी?

आपण विचारले आहे की दिवसा नोकरी आणि संध्याकाळी दुसरे काम करूनही आपले जेमतेम भागते, तर दुसऱ्या व्यवसायातील माणसाला एकाच नोकरीत त्याहून कितीतरी जास्त पगार मिळतो. हा फरक न्याय्य म्हणायचा का? मी चार वर्षे दिवसा हिशेबनीस म्हणून आणि रात्री अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणारा म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे, की व्यवसायांच्या पगारात फरक असणे न्याय्य असू शकते, पण आज दिसतो तो बराचसा फरक कामाच्या मोलाचा नसून नकार देण्याच्या ताकदीचा आहे.

रात्रीच्या कामात दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागे. अंगाखालची आडवी चादर हळूच ओढून त्याला वळवायचे, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची, टाचा गादीला टेकत नाहीत ना हे पाहायचे आणि माकडहाडावरची त्वचा लाल दिसली तर बोटाने दाबून तो लालपणा जातो का हे तपासायचे. यात हयगय झाली तर तिथे जखम होते आणि ती भरून यायला कधी कधी महिने लागतात. कचेरीत माझ्या हातून चुकीची नोंद झाली, तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद करून ती दुरुस्त करता येई. तरीही तासाचा हिशेब केला, तर कचेरीतील मोबदला जवळजवळ दुप्पट पडत असे.

वेतनात फरक का पडतो याची पाच कारणे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली मांडली होती: काम किती नकोसे आहे, ते शिकायला किती कष्ट आणि खर्च लागतो, ते सलग मिळते की नाही, करणाऱ्यावर किती विश्वास टाकावा लागतो आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. यांपैकी पहिले आणि चौथे कारण लावले, तर शुश्रूषेला अधिक पैसे मिळायला हवेत. ते मिळत नाहीत, कारण नकोशा कामाचा दर वाढतो तो माणसे ते काम नाकारू शकतात तेव्हाच. शिवाय हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरातील बायकांनी बिनमोल केले, त्यामुळे त्यातील कौशल्य हे कौशल्य म्हणून मोजलेच गेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या समान वेतन करारात स्त्री-पुरुषांसाठी ‘समान मूल्याचे काम’ असे शब्द आहेत, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. कामे वेगळी असली तरी कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या कसोट्यांवर ती शेजारी ठेवून तोलता येतात. आपणही आपल्या दोन्ही कामांना या कसोट्या लावून पाहा. मात्र तासांचा हिशेब करताना जाण्यायेण्याचा वेळ आणि बिनपगारी थांबणे धरायला विसरू नका.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. दुसरे काम करणारा माणूस पहिल्या मालकाच्या कमी पगाराची भरपाई स्वतःच्या झोपेतून करत असतो, त्यामुळे ती तूट त्या मालकाला दिसतच नाही. त्याहून वाईट म्हणजे, दिवसाचा पगार हाताशी असल्यामुळे रात्रीच्या कामाला मी कमी दर चालवून घेतला. त्याच घरी दिवसपाळीला येणाऱ्या बाईंची उपजीविका मात्र केवळ त्या कामावर होती. त्यांनी दर वाढवून मागितला तेव्हा रुग्णाच्या मुलाने माझा दर पुढे केला आणि त्यांना गप्प बसावे लागले. हे त्यांनीच मला पाळी बदलताना, रुग्णाच्या औषधांची वही हातात देत सांगितले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला अधिकच अपराधी वाटले.

म्हणून माझा सल्ला असा, की दुसऱ्या कामाचा दर ठरवण्यापूर्वी ज्यांचे ते एकमेव काम आहे त्यांना विचारा आणि त्याहून कमी दराला होकार देऊ नका. पुढचे काम घेताना मी त्या बाईंनी मागितलेलाच दर सांगितला. दोन महिने काम मिळाले नाही. तिसऱ्या महिन्यात मिळाले ते थोड्या कमी दराने, पण दिवसपाळीला आणि रात्रपाळीला सारख्याच.