विशेषणे पाठ आहेत, पण लिहिताना आठवत नाहीत

आपला प्रश्न असा आहे की, स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी विशेषणांची लांबलचक यादी अर्थांसह पाठ करूनही निबंधात ‘गुड’, ‘नाइस’ आणि ‘व्हेरी ब्यूटिफुल’ यांपलीकडे काही उतरत नाही, तर याहून मोठी यादी घ्यावी का? मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना मी अनेक वर्षे इंग्रजी लेखन शिकवत आहे आणि त्या आधारावर आग्रहाने सांगतो, की घेऊ नये. यादीत विशेषण एकटे असते. वाक्यात ते नेहमी कोणत्या तरी नामाच्या सोबतीने येते, आणि ही सोबत आपण पाठ केलेलीच नसते.

मराठीत आपण ‘कडक चहा’, ‘मुसळधार पाऊस’, ‘गाढ झोप’ असे सहज म्हणतो. ‘गाढ पाऊस’ म्हणू नये हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. इंग्रजीतही तसेच आहे. चहा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’, झोप ‘साउंड’ किंवा ‘डीप’. इंजिन ‘पॉवरफुल’ असते, पण ‘पॉवरफुल टी’ व्याकरणात बसत असूनही कानाला खटकते. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये मांडले होते, की शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते.

म्हणून वहीत ‘क्रिस्प म्हणजे कुरकुरीत’ असे लिहून थांबू नये. ‘क्रिस्प बिस्किट’, ‘क्रिस्प बँकनोट’, ‘क्रिस्प मॉर्निंग एअर’ असे तीन प्रयोग लिहावेत. बिस्किट कुरकुरीत असते, नोट करकरीत असते आणि सकाळची हवा गार, कोरडी व उत्साह देणारी असते. हे तिन्ही एकत्र पाहिल्यावर शब्द खरा कळतो, आणि पुढे नोटेविषयी लिहिताना तो आपणहून समोर येतो.

दुसरी गोष्ट छटांची. ‘बारीक’ या अर्थाचे शब्द यादीत एका ओळीत छापलेले असतात, जणू कोणताही उचलावा. प्रत्यक्षात ‘स्लिम’ ही प्रशंसा आहे, ‘थिन’ बहुधा तटस्थ आहे, ‘स्किनी’मध्ये बरेचदा नापसंती असते, तर ‘गाँट’ म्हटल्यावर आजाराने किंवा उपासमारीने गाल बसलेला चेहरा दिसतो. पाहुण्यांचे वर्णन करताना यांपैकी चुकीचा शब्द पडला, तर व्याकरण निर्दोष असूनही अपमान होतो. या कारणासाठी नवशिक्यांनी थिसॉरसपासून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशापासून, काही काळ दूर राहावे असे माझे मत आहे. असा प्रसिद्ध कोश रचणाऱ्या पीटर मार्क रॉजे यांचा १८५२ चा मूळ थिसॉरसही अर्थाच्या गटांनुसार रचलेला होता. शब्द आधीच ओळखीचा आहे पण ऐनवेळी आठवत नाही, अशा लेखकाला तो उपयोगी पडतो. आपल्याला हवा तो शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश. लाँगमन या प्रकाशनाच्या अशा कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत दिलेल्या असतात आणि सोबत उदाहरणवाक्ये असतात. अर्थ नंतर वाचावा, उदाहरणवाक्ये आधी.

‘व्हेरी’च्या सवयीवर वेगळे काम करावे लागेल. ‘व्हेरी कोल्ड’ऐवजी ‘फ्रीझिंग’, ‘व्हेरी टायर्ड’ऐवजी ‘एग्झॉस्टेड’ लिहावे. मात्र हे शब्द मुळातच टोकाचे असल्याने त्यांच्याआधी पुन्हा ‘व्हेरी’ लावू नये, ‘अ‍ॅब्सोल्युटली’ चालते. अनेकदा तर विशेषण किंवा क्रियाविशेषण लागतच नाही. ‘ही वॉक्ड व्हेरी स्लोली, विथ टायर्ड स्टेप्स’ या वाक्याचे काम ‘ही ट्रज्ड’ एवढ्यात होते, कारण थकून पाय ओढत चालणे त्या क्रियापदातच आहे. विशेषणांच्या क्रमाची फार चिंता करू नये. मत, आकारमान, वय, रंग, साहित्य असा साधारण क्रम ठेवून ‘अ लव्हली ओल्ड वुडन डोअर’सारखी काही उदाहरणे मोठ्याने वाचली, की तो कानात बसतो.

सरावासाठी रोज घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या एकाच गोष्टीवर चार वाक्ये लिहावीत आणि त्यांत वहीतील दोनच नवे प्रयोग आणावेत. तेच प्रयोग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने नव्या वाक्यात वापरावेत. आपल्याजवळची जुनी यादीही टाकून देऊ नये. तिच्यातील जे शब्द वाचनात पुन्हा भेटतील, तेवढेच त्यांच्या नामांसह या वहीत घ्यावेत.