एल-६ पेशी, चमकणारी साखर आणि माझे आठ महिने

‘इन्सुलिन देऊनही पेशी जास्त ग्लुकोज घेत नाहीत, प्लेटभर आकडे सारखेच, गाईड म्हणतात इन्सुलिनच खराब आहे.’ एल-६ या स्नायूपेशींबद्दलच्या तुमच्या पोस्टमध्ये एवढं वाचलं, पुढे मोजणीसाठी २-एनबीडीजी हे नाव दिसलं आणि पोटात गोळाच आला. याच खड्ड्यात मी आठ महिने काढलेत.

पेशी वाढवणं, सीरम काढून उपाशी ठेवणं वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

२-एनबीडीजी म्हणजे चमकणारं शेपूट लावलेलं ग्लुकोज. किरणोत्सर्ग नाही, परवानग्या नाहीत, प्लेट रीडरमध्ये ठेवली की आकडा हातात. मोह पडतोच. मी इन्सुलिन बदललं, सीरमची बाटली बदलली, उपासाचे तीन तासांचे पाच केले, मग रात्रभर केला. एकदा तर इनक्यूबेटरवरही संशय घेतला. फक्त ग्लुकोजची दारं (पेशीत ग्लुकोज आत नेणारी प्रथिनं) बंद करून काय उरतं, तेवढं पाहिलं नाही. त्यासाठी ती दारं अडवणारं सायटोकॅलासिन बी लागतं. कुपी महाग, आणि ज्या पेपरवरून पद्धत उचलली होती त्यात हा कंट्रोल नव्हता. मग मला कशाला हवा, असा माझा बाणेदार विचार.

शेवटी शेजारच्या लॅबमधून थोडं उसनं आणलं आणि एका शुक्रवारी संध्याकाळी प्लेटच्या शेवटच्या तीन खणांत १० मायक्रोमोलर टाकलं. शेजारच्या खणांत नुसतं डीएमएसओ, म्हणजे ते ज्यात विरघळवतात तो द्राव. दारं बंद केलेले खण उघड्या खणांइतकेच चमकत होते! दोनदा वाचन घेतलं, प्लेट उलटी तर ठेवली नाही ना तेही पाहिलं. म्हणजे आठ महिने मी जे मोजत होतो ते ग्लुकोजचं शोषण नव्हतंच. भलत्याच वाटेने आत शिरलेला किंवा पेशींना नुसता चिकटलेला रंग होता तो. २-डीऑक्सिग्लुकोज (२-डीजी) ही ग्लुकोजसारखीच, अशा मोजणीत वापरली जाणारी साखर; तिचा रेणुभार १६४, २-एनबीडीजीचा ३४२. एवढं गाठोडं पाठीवर घेऊन ते त्याच दारातून जाईल असं मी धरून चाललो होतो. इतर पेशींत चालतं म्हणणारे भेटतील, चालतही असेल. स्नायूपेशींत मी त्यावर एक रुपया लावणार नाही.

गाईडचं म्हणणं मात्र अगदीच उडवून लावू नका. त्याच पेशींत इन्सुलिननंतर एकेटीच्या (इन्सुलिनचा निरोप आत पोचवणारं प्रथिन) सेरीन ४७३ या जागेवर फॉस्फेट लागतं का, ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) बघा. पट्टी उमटली तर इन्सुलिन ठणठणीत आहे, वाद मिटला. आणि इन्सुलिन पातळ करताना थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर ते नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं.

मी नंतर ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेल्या २-डीऑक्सिग्लुकोजवर गेलो. ते ग्लुकोजच्याच दारातून आत जातं, हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट लावतं आणि पुढची वाट जवळजवळ बंद असल्याने तिथेच अडकतं. अडकलेलं मोजायचं. ग्लुकोज नसलेला बफर, १०० नॅनोमोलर इन्सुलिन २० मिनिटं, मग २-डीजी ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नको. लगेच बर्फगार सलाईनने तीनदा धुवायचं. बर्फगार म्हणजे बर्फात रोवलेली बाटली, फ्रिजमधून काढून टेबलावर विसरलेली नव्हे.

किरणोत्सर्गी ट्रिटियमसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी लागते, आणि ती लागावीच. पण आमच्याच संस्थेतल्या एका कार्यालयातून (नाव घेत नाही, अजून निवृत्त व्हायचंय) फाईल बाहेरच पडेना. एकदा परत आली, कारण खोलीच्या नकाशावर उत्तर दिशा नव्हती. दिशा दाखवली तर पुन्हा परत: पेन्सिलीने चालणार नाही, शाईने हवी. असो.

आता तुम्हाला इतकं करायची गरज नाही. आत अडकलेलं २-डीजी-६-फॉस्फेट ल्युसिफरेजच्या (काजव्यांसारखा उजेड पाडणारं विकर) उजेडावर मोजणारे किट मिळतात. महाग आहेत, पण आठ महिन्यांच्या फेलोशिपपेक्षा स्वस्त. सायटोकॅलासिनचे खण तिथेही ठेवाच.

पेशी नीट जुळून लांब नळ्या झाल्यात ना? कच्च्या मायोब्लास्टमध्ये (अजून न जुळलेल्या स्नायूपेशी) ग्लुट-४, म्हणजे इन्सुलिनला दाद देणारं ग्लुकोजचं दार, फारसं नसतंच. सगळं जमून आलं तरी साध्या एल-६ मध्ये दीडपट-दुप्पट वाढ धरा. कुणी पाचपट दाखवली तर ग्लुट-४ बाहेरून घातलंय का ते आधी विचारा. सी२सी१२ या दुसऱ्या स्नायूपेशींवर जाऊ नका, तिथे इन्सुलिनचा फरक आणखी फिका.

‘त्यापेक्षा थेट उंदरांवर क्लॅम्प करू का’ असंही विचारलंत. क्लॅम्प म्हणजे इन्सुलिन चालू ठेवून रक्तातली साखर स्थिर राखायला किती ग्लुकोज द्यावं लागतं ते मोजणं. डीफ्रॉन्झो मंडळींच्या १९७९ च्या पेपरमुळे रूढ झालेली ती पद्धत उत्तम, पण ती अख्ख्या शरीराने किती ग्लुकोज घेतलं ते सांगते. स्नायूंचं वेगळं हवं तर तिथेही खुणेचं २-डीजी टोचावंच लागतं, म्हणजे फिरून तेच. अर्थात उंदरांवर मी स्वतः काम केलेलं नाही, केलेल्यांना विचारून घ्या.

तुमच्या पेशींचा पॅसेज कितवा आहे, म्हणजे त्या किती वेळा नव्या भांड्यात वाटून वाढवल्यात, ते कळवा. फार जुना असेल तर त्या एकमेकींशी जुळतच नाहीत, आणि मग वर लिहिलेलं सगळं नंतरचं.