लग्नाचा ड्रेस पहिल्यांदाच घेतेयस ना, मग हे बघ
अगं सगळ्यात आधी वेळ हाताशी ठेव, ऑर्डर देऊन बनवून घेणार असशील तर ड्रेस यायलाच 4 ते 6 महिने सहज जातात आणि वर फिटिंगच्या 2-3 चकरा, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर काही ढकलू नकोस. साईजचा आकडा मनाला लावून घेऊ नको, प्रत्येक ब्रँडचा चार्ट वेगळा असतो. दोन साईजच्या मधे असशील तर मोठीच घे, आत घेणं सोपं असतं, पण सैल करायला शिवणीत कापड शिल्लक लागतं, ते नसेल तर टेलर तरी काय करणार! आणि तोपर्यंत बारीक होईन म्हणून लहान तर अजिबात नको, प्लीज. ट्रायलला त्या दिवशी घालणार तेच आतले कपडे आणि तेवढ्याच हिलची चप्पल घाल, नाहीतर लांबी चुकते. नुसती आरशासमोर उभी राहू नको, खाली बस, हात वर कर, काखेत काचतंय का बघ, दिवसभर अंगावर वागवायचाय तो. रंग दिवसाउजेडी बघ. सोबत एक-दोनच माणसं ने, आणि अल्टरेशनचे पैसे किमतीत धरलेत का ते पावतीवर लिहून घे.