वाचक विचारतात: दिवाणखान्यातला मंगोल खान

प्रश्न: दादा नमस्कार, आमच्या सांगलीच्या घरात सासऱ्यांनी मुंबईहून आणलेली जुन्या नकाशाची एक फ्रेम आहे. वर 'टार्टारिये सिवे मॅग्नी चामी' असं काहीतरी लॅटिन लिहिलंय, एका बाजूला तंबूत बसलेला राजा आणि उजव्या कडेला चक्क अमेरिका. भाचा म्हणतो हा चंगीझ खानाच्या मंगोल साम्राज्याचा नकाशा, १५७० चा, लाखात जाईल. मुलगा अमेरिकेत असतो तो म्हणतो आई मीच घेऊन जातो. २०१९ च्या पुरात पाणी फ्रेमपर्यंत आलं नाही पण भिंत ओली झालेली, तेव्हापासून खाली तपकिरी डाग आहेत. ओरिजिनल आहे का, आणि डागांना काय लावू?
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर: ताई, डागांना काही म्हणजे काहीच लावू नका. ब्लीच, लिंबू, व्हिनेगर, यूट्यूबवर बघितलेलं कुठलंच नको, बाकीचं खाली सांगतो.

तुमच्या भाच्याचं अर्धं बरोबर आहे. वर्णन जुळतंय ते अब्राहम ऑर्टेलियसच्या नकाशाशी, हा अँटवर्पचा माणूस, १५७० मध्ये त्याने जगाच्या नकाशांचं पुस्तक काढलं, पहिला आधुनिक ॲटलस म्हणतात तो हाच, आणि त्यातलं हे एक पान. पण चंगीझ खान गेला १२२७ ला, त्याचा नातू कुबलाई १२९४ ला, आणि चीनमधून मंगोलांना मिंग राजांनी हाकललं १३६८ ला. म्हणजे अँटवर्पमध्ये हा नकाशा छापला तेव्हा तंबूतल्या त्या बादशहाची, म्हणजे वरच्या लॅटिन नावातल्या 'महान खाना'ची, सत्ता जाऊन २०० वर्षं झालेली! मंगोल होते हो, आपल्या टोळ्या घेऊन स्टेपवर, म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानांवर, होतेच, पण सगळ्या आशियाचा मालक असा खान कुठेच नव्हता.

मग काढला कसा? कारण युरोपकडे तिकडची बातमीच नवीन नव्हती. मार्को पोलो १२७१ ला व्हेनिसहून निघाला, १२९५ ला परतला, पुढे जिनोवाच्या कैदेत त्याने सगळं सांगितलं आणि दुसऱ्याने लिहून घेतलं, आणि मंगोल राज्य मोडल्यावर खुष्कीचा रस्ता जवळपास बंदच पडला त्यामुळे तेच पुस्तक पिढ्यानपिढ्या वाचत बसले. कोलंबस १४९२ ला निघाला तेव्हा त्याच्याकडेही स्पेनच्या राजा-राणीचं पत्र होतं, ग्रेट खानाला द्यायला. आता बोला.

उजवीकडची अमेरिका बघा, तिच्या आणि आशियाच्या मध्ये एक सामुद्रधुनी काढलीय, अनियानची म्हणून, तेव्हा ती कोणी पाहिलेली नव्हती, नुसता अंदाज. रशियाच्या नौदलातला बेरिंग तिथल्या खऱ्या सामुद्रधुनीतून गेला १७२८ ला. मला विचाराल तर या नकाशातली खरी मजा हीच, अर्धा ऐकीव आणि अर्धा कल्पनेतला, पण काढलाय काय झोकात. आणि गंमत म्हणजे त्याच १५७० मध्ये आग्र्याच्या गादीवर अकबर होता, जो बाबराच्या आईकडून चंगीझच्याच वंशातला, आणि आपल्या सांगली-साताऱ्यावर आदिलशाही. (शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून ६० वर्षं होती.)

आता ओरिजिनल का. न पाहता सांगणं बरोबर नाही, पण असे नकाशे शोभेसाठी भरपूर छापले गेलेत त्यामुळे माझा कल रिप्रिंटकडेच. स्वतः बघा, भिंग घ्या किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करा, रंगात बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला, ती ऑफसेटची, म्हणजे आताच्या यंत्रावरची छपाई. तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्यात रेघ सलग असते, रंग हाताने भरलेला असतो, आणि नकाशाभोवती कागदावर प्लेटच्या दाबाची चौकट उमटलेली असते. ॲटलसचं पान म्हणून मधोमध घडी हवी, मागच्या बाजूला मजकूर छापलेला हवा, आणि उजेडासमोर धरलं तर हातकागदाच्या बारीक रेषा दिसायला हव्यात. फक्त फ्रेम उघडताना कागद काचेला चिकटलाय असं वाटलं तर ओढू नका, तसंच बंद करा.

डाग बहुतेक ओलीचे आणि मागच्या हार्डबोर्डचे, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. रिप्रिंट असेल तर फ्रेमवाल्याकडून ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा, घालून घ्या, काच कागदाला टेकायला नको, फेव्हिकॉल आणि सेलोटेप नको, आणि भाबडेपणाने लॅमिनेशन तर बिलकुल नको. ऊन येणारी किंवा बाथरूमच्या पाठीमागची भिंत टाळा, मागे बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. ओरिजिनल निघालं तर मात्र फ्रेमवाल्याकडे जाऊच नका, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

आणि मुलाला सांगा घाई करू नकोस. १०० वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. रिप्रिंट असेल तर हरकत नाही, पण दिसायला जुनाट आहे म्हणून कस्टमवाला अडवू शकतो, तेव्हा पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असं सर्टिफिकेट आधीच काढून घ्या, विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.