अँटीव्हायरसचा स्कॅन सुरू झाला की कॉम्प्युटर रिस्टार्ट: फॉर्मेट मारायच्या आधी हे बघा

प्रश्न: भाऊ नमस्कार, तुमचं सदर मी नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. माझ्याकडे २०१५ सालचा डेस्कटॉप आहे, जेल रोडवरून असेंबल करून घेतलेला, त्यात विंडोज १० आहे. त्यावर मी आईच्या जात्यावरच्या ओव्या टाईप करते, आई आता नाही, तिच्या तीन वह्या आहेत आणि बाकीच्या ओव्या मावशीकडून फोनवर ऐकून ऐकून लिहिल्यात, चार वर्षांचं काम आहे. मागच्या आठवड्यात पेनड्राईव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला गेले, घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. मुलगा पुण्याला असतो, त्याने सांगितलं म्हणून एक फ्री अँटीव्हायरस टाकला, आधीचा एक होता त्याची मुदत संपलीय पण तो काही काढला नाही. नव्याने काहीतरी पकडलं आणि विचारलं की विंडोज सुरू व्हायच्या आधी स्कॅन करू का, मी हो म्हटलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येतात, पंधरा-वीस मिनिटं स्कॅन चालतो, कधी १८ टक्के तर कधी ३१, आणि एकदम बंद होऊन आपोआप परत चालू, परत स्कॅन शून्यापासून. सहा वेळा झालं असं. नुसतं टाईप करताना आजवर कधी बंद नाही पडला. दुकानवाला म्हणतो, "आंटी फॉर्मेट मारना पड़ेगा, वायरस बहुत अंदर तक है." माझ्या ओव्या जातील का हो? आणि हो, हल्ली यूपीएसमधून मधेमधे टक टक आवाज येतो, त्याचा काही संबंध असेल का?
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: ताई, आधी एकच करा, तो कॉम्प्युटर बंद करा आणि प्लग काढून ठेवा. सातव्यांदा स्कॅन होऊ देऊ नका. आणि फॉर्मेट तर अजिबात नको, निदान ओव्या दुसरीकडे सुरक्षित पोचेपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका काकांचं मशीन घाईत फॉर्मेट केलं होतं, त्यांनी "सगळं कॉपी आहे" सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही, त्यात त्यांच्या बायकोचे शेवटचे फोटो होते. नंतर कळलं की बिघाड एसएमपीएसचा (म्हणजे कॅबिनेटमधल्या, मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) होता, विंडोजला काहीच झालं नव्हतं. ते अजूनही माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या ओव्या बहुतेक जशाच्या तशा आहेत. तो शॉर्टकटवाला व्हायरस साधारणपणे फाईली पुसत नाही, तो खऱ्या फोल्डरला लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो, आपण त्यावर क्लिक केलं की फोल्डरपण उघडतं आणि व्हायरसपण चालतो. म्हणून पेनड्राईव्हमधलंही काही गेलेलं नसणार, फक्त दिसत नाहीये.

आता स्कॅन परत परत का सुरू होतो ते सांगतो. असा स्कॅन ठरवला की अँटीव्हायरस विंडोजकडे एक निरोप लिहून ठेवतो, की पुढच्या वेळी चालू झालास की सगळ्यात आधी मला उठव. स्कॅन पूर्ण झाला की तो निरोप पुसला जातो. तुमचा स्कॅन पूर्णच होत नाही, म्हणून निरोप तसाच राहतो आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक हे चक्र, आणि दुसरी म्हणजे मशीन मधेच बंद पडायचं खरं कारण. दुकानवाल्याने दोन्ही एकत्र करून व्हायरसच्या नावावर टाकलं. चक्र तोडणं सोपं आहे, कारण शोधायला थोडा धीर लागतो.

चक्र असं तोडा. चालू केल्यावर स्कॅनची पाटी आली की लगेच कीबोर्डवरचं एस्केप दाबा, बऱ्याच अँटीव्हायरसमध्ये त्याने स्कॅन रद्द होतो आणि विंडोज सुरू होतं, स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. नाहीच झालं तर विंडोजचा लोगो दिसताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा, असं दोन-तीन वेळा लागोपाठ केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणतं, तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग ४ दाबलं की सेफ मोड (म्हणजे फक्त अगदी गरजेपुरतं चालणारं विंडोज), ५ दाबलं की इंटरनेटसकट सेफ मोड. तुम्ही ५ घ्या, आणि आत गेल्यागेल्या दुसरं काहीही न करता ओव्यांच्या वर्डच्या फाईली स्वतःलाच मेल करून टाका. नुसता मजकूर आहे, एका मेलमध्ये मावेल. तो पेनड्राईव्ह मात्र लावू नका.

एवढं करूनही स्कॅन मधे येतच असेल तर खटपट थांबवा, कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क काढा आणि यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावा, म्हणजे ती नुसती एका मोठ्या पेनड्राईव्हसारखी दिसेल. ती केस सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर मिळते. कॉपी करताना फक्त वर्डच्या फाईली उचला, शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. हे काम दुकानात करून घेतलं तरी चालेल, पण समोर बसून करून घ्या आणि दोन-चार फाईली उघडून वाचून बघितल्याशिवाय उठू नका.

ओव्या मेलवर पोचल्या? आता निवांत कारण शोधू.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी अगदी कामाच्या आहेत. पहिली, दर वेळी टक्के वेगळे, कधी १८ तर कधी ३१. दर वेळी ठरावीक ठिकाणीच अडत असतं तर मला डिस्कवरच्या खराब सेक्टरचा किंवा एखाद्या फाईलचा संशय आला असता, पण तसं नाहीये. दुसरी, मशीन बंद होऊन आपोआप परत चालू होतं. प्रोसेसर फार तापला तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं, आणि बहुतेक वेळा बंदच राहतं. लगेच उठून उभं राहणं हे जास्त करून वीज क्षणभर तुटल्याचं किंवा ब्लू स्क्रीन (विंडोज कोलमडल्यावर येणारा चुकीचा निळा पडदा) आल्याचं लक्षण असतं. आणि तिसरी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी उगाच विचारल्यासारखी विचारलीत, तो यूपीएसचा टक टक आवाज. ताई, माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावरच आहे.

तो आवाज आतल्या रिलेचा, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या स्विचचा असतो, व्होल्टेज वर-खाली झालं की यूपीएस स्वतःला सांभाळतो, कधी बॅटरीवर जातो. मे महिन्यात दुपारी घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात तेव्हा व्होल्टेज पडतं हे आपल्याला पंख्याच्या वेगावरूनच कळतं. यूपीएस मेन लाईनवरून बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांची फट पडते, तेवढा वेळ एसएमपीएसमधले कपॅसिटर साठवलेल्या विजेवर मशीन तारून नेतात. पण तुमचा एसएमपीएस दहा वर्षांपेक्षा जुना, कपॅसिटर थकलेले, आणि यूपीएसची बॅटरी तर साधारण दोन-तीन वर्षांतच कमजोर होते. तुम्ही ओवी टाईप करता तेव्हा मशीन जवळजवळ रिकामं बसलेलं असतं, वीज थोडीच खेचतं, तेव्हा तीच फट सहज निघून जाते आणि तुम्हाला कळतही नाही. स्कॅन चालू असताना प्रोसेसर सतत राबतोय, डिस्क अखंड फिरतेय, झिप फाईली उघडून आत बघणं चाललंय, खेच कितीतरी वाढते, आणि मग तीच फट भारी पडते. म्हणूनच टाईप करताना कधी बंद पडला नाही आणि स्कॅनमध्येच पडतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. यूपीएस बाजूला ठेवा, कॉम्प्युटरची वायर अर्थिंग असलेल्या चांगल्या सॉकेटमध्ये सरळ लावा, आणि रात्री दहानंतर किंवा पहाटे, जेव्हा व्होल्टेज शांत असतं, तेव्हा चालवून बघा. आधी नुसत्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा (चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून), तिथे हार्डवेअर मॉनिटर नावाचं पान असतं, त्यावर अर्धा तास मशीन तसंच सोडा. तिथे ना विंडोज आहे, ना अँटीव्हायरस, ना व्हायरस. तिथेही रिस्टार्ट झालं तर बिघाड शंभर टक्के हार्डवेअरचा, फॉर्मेटने काडीचा फरक पडणार नाही. नाही झालं तरी हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण बायॉसमध्ये लोड कमी असतो. त्याच पानावर १२ व्होल्टचा आकडा दिसेल, तो ११.४ ते १२.६ च्या मधे असायला हवा, खाली घसरत असेल तर एसएमपीएस बदलायची वेळ झाली. एसएमपीएस घरी उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

तापमानही तिथेच दिसतं. तुमच्या मशीनचा पंखा दहा वर्षांत कुणी साफ केला नसेल असं मी धरून चालतो. इंटेलच्या त्या काळच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात, त्यातली एखादी ढिली होऊन वर आलेली मी कितीदा पाहिलीय, मग पंखा फिरताना दिसतो पण बूड प्रोसेसरला टेकलेलंच नसतं. ब्लोअरने धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवा, आणि प्रोसेसर व पंख्याच्या बुडामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावायला सांगा, जास्त थापून फायदा नाही.

आता समजा पॉवर ठीक निघाली, तापमानही ठीक, तरी रिस्टार्ट होतोच. मग ब्लू स्क्रीन येऊन लगेच जात असेल. विंडोज चूक झाली की स्वतःहून रिस्टार्ट करतं, म्हणून आपल्याला काही वाचताच येत नाही. मघाच्याच स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ९ दाबलं की हे आपोआप रिस्टार्ट होणं त्या वेळेपुरतं बंद होतं, मग निळा पडदा थांबून राहतो, मोबाईलने फोटो काढा आणि त्यावरचा स्टॉप कोड मला पाठवा. विंडोज सुरू होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल पॉवर ४१ अशी नोंद सापडेल, तिच्यात बगचेक कोड (म्हणजे चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला चूक लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे परत संशय विजेवर.

ब्लू स्क्रीन असेल तर दोन अँटीव्हायरस एकत्र असणं हे मोठं कारण असू शकतं. मुदत संपली म्हणजे तो गेला असं नसतं, त्याचे ड्रायव्हर (आतून काम करणारे छोटे प्रोग्रॅम) विंडोजच्या अगदी गाभ्यात बसलेले असतात, आणि दोघं एकाच फाईलवर एकाच वेळी हात टाकायला जातात. गाभ्यातली चूक किती महागात पडते ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलं, क्राउडस्ट्राईक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन ब्लू स्क्रीनवर अडकली, विमानं रखडली, आणि ती मशीन व्हायरसने पाडलेली नव्हती, संरक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरनेच पाडली होती. तेव्हा दोन्ही काढा. सेफ मोडमध्ये नेहमीचं अनइन्स्टॉल बऱ्याचदा चालत नाही, त्यासाठी कंपन्या आपलं वेगळं रिमूव्हल टूल देतात, ते कंपनीच्याच साईटवरून घ्या, दुसरीकडून नको.

रॅम आणि डिस्क शेवटी. रॅमसाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे, आणि डिस्कसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात पिवळा कॉशन दिसला तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. कुणी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवायला सांगितलं तर कॉपी झाल्याशिवाय नाही म्हणा, आजारी डिस्कला ते झेपत नाही.

व्हायरसचं म्हणाल तर मशीन स्थिर झालं की विंडोजच्याच डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन करा, साधारण पंधरा मिनिटांत होतो. मग पेनड्राईव्ह लावा पण उघडू नका, आधी त्यावर राईट क्लिक करून स्कॅन करा, आणि मग व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक केलं की लपलेले फोल्डर दिसायला हवेत, तरीही नाही दिसले तर लिहा, एका ओळीची कमांड आहे ती सांगेन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तुमच्या २०१५ च्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे पुढेमागे मशीन बदलावं लागेलच, पण ती घाई आज नाही. आज फक्त ओव्या. आणि वह्यांचे मोबाईलने फोटोसुद्धा काढून ठेवा, पानं पिवळी पडत असतील.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर असाच सुरुवातीचा स्कॅन दोन तास झाले १४ टक्क्यांवरच आहे. रिस्टार्ट होत नाही, पुढेही जात नाही. बटण दाबून बंद करू का?
(एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: दादा, डिस्कचा लाईट लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर तो बहुतेक एखादी मोठी झिप किंवा बॅकअपची फाईल उलगडतोय, चार्जर लावून ठेवा आणि रात्रभर चालू द्या. टक्के फाईलींच्या मोजणीवर असतात, एक भलीमोठी फाईल आली की आकडा तिथेच थांबतो. लाईट अर्धा तास मेल्यासारखा असेल तर आधी एस्केप दाबून बघा, आणि अगदीच काही हललं नाही तरच बटण. स्कॅन नुसतं वाचत असतो तोवर मधे बंद केल्याने सहसा नुकसान होत नाही, पण तो नेमकी एखादी फाईल दुरुस्त करत असेल किंवा हलवत असेल तर ती फाईल अर्धवट राहू शकते, म्हणून बटण शेवटी. परत चालू केल्यावर पुन्हा १४ वरच अडकला तर वर ताईंना सांगितलंय तसं आधी सगळा डेटा बाहेर काढा आणि मग डिस्क तपासा, कारण एकाच जागी पुन्हा पुन्हा अडणं मला डिस्कच्या बाबतीत चांगलं वाटत नाही.