अमेरिकेत ब्लॅक शिक्षकांना वेगळी संघटना कशाला हवी? सगळ्यांची मिळून एक युनियन पुरत नाही का?

नाही पुरत. वेगळं कोणी काढलं ते आधी बघा. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्या शिक्षकांच्या संघटना ब्लॅक शिक्षकांना घेत नसत. १९०४ मध्ये ब्लॅक शिक्षकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली, ती मोठ्या संघटनेत विलीन व्हायला १९६६ उजाडलं. मधे १९५४ चा ब्राउन निकाल लागला: गोऱ्या आणि ब्लॅक मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. शाळा एकत्र झाल्या, पण कुलूप लागलं ते मुख्यतः ब्लॅक शाळांना आणि हजारो शिक्षक-मुख्याध्यापक घरी बसले. कॅन्सस राज्यातल्या ज्या टोपेका शहरातून हा खटला गेला, तिथे तर निकालाच्या वर्षभर आधीच ब्लॅक शिक्षिकांना 'पुढच्या वर्षी नोकरीचं धरून चालू नका' अशा अर्थाची पत्रं गेली होती.

मी नॉर्थ कॅरोलिनात मिडल स्कूलला गणित शिकवते. इथे सरकारी शिक्षकांच्या संघटनेला पगाराचा सामूहिक करार करायलासुद्धा कायद्याने बंदी आहे, तेव्हा 'एक युनियन' म्हणजे नक्की काय ते समजून घ्या.

आमच्याकडे आल्जिब्राला, म्हणजे बीजगणिताच्या वरच्या वर्गाला, कोणाला बसवायचं याची मीटिंग होती. एका ब्लॅक मुलाला राज्याच्या परीक्षेत लेव्हल फाइव्ह, म्हणजे सगळ्यात वरची. तरी यादीत नाव नाही. का, तर 'मॅच्युरिटी कमी पडते.' वर्गात बोलतो म्हणे! माझ्या वर्गातली देसी पोरं त्याच्या दुप्पट बडबडतात, त्यांची नावं मात्र यादीत होती. आमच्या एक सहकारी बाई इथल्या ब्लॅक शिक्षकांच्या गटात आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही. पर्समधून गटाने तयार केलेला तक्ता काढला: लेव्हल फाइव्ह असून मागे ठेवलेली मुलं, इयत्तेनुसार. सोबत राज्याचा २०१८ चा कायदा, एका ओळीवर पिवळा मार्कर. पात्र मुलाला पालकांच्या लेखी संमतीशिवाय वरच्या गणितातून काढता येत नाही. यादी करणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरने मुकाट्याने यादी पुन्हा छापून आणली.

टेनेसीतल्या मुलांवरचा एक अभ्यास सांगतो, तिसरीपर्यंत एक तरी ब्लॅक शिक्षक लाभलेल्या ब्लॅक मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते. आणि देशभरात सरकारी शाळांतले ब्लॅक शिक्षक किती? शेकडा ६ च्या आसपास. आणि ब्लॅक मुलं शेकडा १५.

सगळेच गट असे कामाचे नसतात, हेही खरं. काही नुसते ठराव करतात आणि फोटो काढतात.

आमचे शार्लटचे भावोजी दर गणपतीत हाच प्रश्न काढतात. 'शाळेत रंग कशाला आणता? आम्ही नाही का मेरिटवर आलो?' भावोजी, ब्लॅक लोकांनी मार खाऊन १९६४ चा नागरी हक्क कायदा मिळवला, त्याच रेट्यात पुढच्या वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला, म्हणून तुमचं मेरिट विमानात बसलं. आणि लेकीला आल्जिब्रात घ्या म्हणून मुख्याध्यापकांना ईमेलवर ईमेल कोण करत होतं? तिला लेव्हल फोर होती.