बोनसमधून सहा फुटी टाकी घ्यावी का?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: हातात पगार ७२,००० रुपये, त्यातून गृहकर्जाचा हप्ता धरून दरमहा ५५,००० जातात. अडीअडचणीसाठी बाजूला १,१०,००० आहेत. दिवाळी बोनस ९०,००० मिळालाय. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सहा फुटी मत्स्यटाकी करायची लहानपणापासून इच्छा आहे. दुकानदाराने १,३४,००० सांगितलेत: टाकी-स्टँड ५२,०००, दोन कॅनिस्टर फिल्टर ४८,०००, यूव्ही (हिरवं पाणी निवळणारा दिवा) ८,०००, लाइट १२,०००, अरोवाना आणि चार ऑस्कर हे मासे १४,०००. कमी पडणारे ४४,००० वर्षभराच्या ‘नो-कॉस्ट’ ईएमआयवर. घेऊ का?

टाकी घ्या. पण या कोटेशनने नको, आणि हप्त्यावर तर मुळीच नको.

सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी भरली की जवळपास ६८० लिटर पाणी. ते तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे तीन हजार लिटरच्या आसपास. मोठ्या टाकीला माझं मत संपच्या, म्हणजे खाली ठेवलेल्या फिल्टर-टाकीच्या बाजूने आहे. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोने स्टँडखालच्या छोट्या टाकीत उतरतं, आधी स्पंज, मग सिरॅमिक रिंग्ज, आणि पंप ते परत वर चढवतो. तुमचाच टाकीवाला काच कापतानाच भोक पाडून संप बनवून देईल. पंप आणि मीडिया (स्पंज, रिंग्ज) धरून १८,०००पर्यंत बसेल. कॅनिस्टर वाईट नाहीत, पण बंद डबा असतो तो. तीन-चार तास वीज गेली की आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच नासलेलं पाणी टाकीत येतं. संप उघडा असल्याने हा धोका कमी. मात्र पंप थांबल्यावर वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा, नाहीतर हॉलमध्ये पाणी. चालू करायच्या दिवशीच प्लग काढून बघा.

पाणी स्वच्छ ठेवतात ते जिवाणूच. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या पहिल्या तीन फुटी टाकीचा स्पंज मी नळाखाली पिळून पिळून पांढरा केला होता. नळातल्या क्लोरिनने जिवाणू गेले. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते, दोन वाचले नाहीत. तेव्हापासून स्पंज टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात दाबते. पाणी चहासारखं तपकिरी होतं, स्पंज तपकिरीच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा.

म्हणून यूव्ही वगळा. हिरवं पाणी त्याने निवळतं, अमोनिया जात नाही. ऑस्कर झाडं उपटून टाकतात, त्यामुळे महागड्या लाइटचाही उपयोग नाही, २,५००चा साधा एलईडी पुरे. अरोवाना अडीच-तीन फुटांचा होतो, दोन फुटी रुंदीत त्याला धड वळताही येत नाही. तो नकोच. ऑस्करसुद्धा दीड महिन्यानंतर आणि लहान पिल्लं आणा.

आता टाकी-स्टँड, संप आणि एलईडीची बेरीज ७२,५०० होते. बोनसमधून उरलेल्या १७,५००मधले १०,००० आपत्कालीन निधीत टाका, कारण तुमचा निधी जेमतेम दोन महिन्यांचा आहे आणि ही माझी खरी काळजी आहे. बाकी ७,५००मध्ये मासे, पाणी तपासायचं टेस्ट किट आणि पुढे सांगते ती फी.

पंप, एअर पंप आणि लाइट मिळून महिन्याला साधारण ५५ युनिट. तुमचं बिल २५० युनिटच्या आसपास असेल तर ते ३००चा स्लॅब ओलांडतं आणि वरची युनिटं महाग पडतात. खाद्य-मीडियासह दरमहा २,००० धरा. पण नाशिकची थंडी विसरू नका. ३०० वॅटचे दोन हीटर दिवसाला आठ तास चालले तर महिन्याला १४४ युनिट. डिसेंबर-जानेवारीत खर्च ४,०००वर जाईल. त्यात ३,६६७चा हप्ता आला असता, तर घरखर्चानंतर उरणाऱ्या १७,०००तले साडेसात हजार माशांनाच गेले असते. शिवाय ‘नो-कॉस्ट’मध्ये रोखीची सूट बुडते, प्रोसेसिंग फी लागते आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. दुकानदाराला रोखीचा भाव विचारून बघा, फरक कळेल.

ऑर्डर देण्याआधी तीन महिने, एक तारखेला २,५०० वेगळ्या खात्यात टाका. हात आखडले नाहीत तर पुढे जा. आखडले तर ते पैसे आपत्कालीन निधीत टाका.

दर आठवड्याला दीडशे-दोनशे लिटर पाणी बदलायचंय, तेही नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवून. पैसा फारसा नाही, पण रविवारचा तासभर जातो. घरच्यांशी आत्ताच बोला.

आणि वजन. पाणी, काच, वाळू मिळून साडेआठशे किलोच्या पुढे, तेही जेमतेम बारा चौरस फुटांवर. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने बांधतात, इथे त्याच्या तिपटीहून जास्त भार येतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, बीम कुठून जातो ते पाहू द्या, त्याची फी सगळ्यात आधी द्या. त्यांनी दुसरी भिंत सांगितली तर टाकीचं मापच बदलेल, म्हणून काच कापायला देण्याआधी बोलवा.